चौथी फासळी

८ फेब्रुवारी

धाकट्यास,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे, तेव्हा मायना काय घालावा यातच पाऊण तास गेला. 'चिरंजीव' म्हणावं तर तू पन्नाशीला टेकलास. 'प्रिय' म्हणावं तर पहिल्याच शब्दाला खोटं कशाला बोला. सबब नुसतंच 'धाकट्यास'. तो तूच, याबद्दल तरी आपलं दुमत नसावं.

पत्राचा विषय होडी.

माझ्या मुलीला तू घडीची होडी बांधायला शिकवतो आहेस, हे मला घरात सर्वांत शेवटी कळलं. घरात आम्ही तिघंच आहोत, म्हणजे शेवटचा तो तिसरा; पण शेवटचा तो शेवटचाच. वर्षभर म्हणे तुमची पत्रापत्री चालू आहे. तुझ्या तलावाकाठच्या होड्यांच्या कारखान्यात फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस, हे मला मान्य आहे. शिवाय होडीच्या फासळ्यांचे नमुने खऱ्या मापात कागदावर काढून पाठवायचे, तर पोस्टाशिवाय गत्यंतर नाही, असंही मला समजावण्यात आलं. समजावणारीने पेन्सिल कानावर खोचली होती. पेन्सिल कानावर ठेवणारं माणूस या घरात अकरा वर्षं नव्हतं.

आता तक्रार. होडीची लांबी साडेचौदा फूट. आमचा हॉल बारा फूट. उरलेले अडीच फूट दारातून माझ्या खोलीत येतात. सध्या चार लांब नळ्या टोकाशी बांधून पाहिल्या आहेत, पण एवढ्यानेही होडीचं नाक थेट माझ्या टेबलाला लागतं. तिथे मी नववीचे संस्कृतचे पेपर तपासतो. विद्यार्थी अकरा उरलेत, त्यामुळे काम फार नाही, पण एका होडीने रोखून पाहिलं की शब्दरूपं नीट तपासता येत नाहीत.

विचारलं, "एवढी जागा नाही तर होडी कशाला?" तर म्हणाली, "म्हणून तर घडीची, बाबा. दोन बॅगांत भरली की कपाटावर जाते. नाहीतर बसच्या टपावर." बसच्या टपावर ती कुठे जायची आहे, ते बोलली नाही. मी विचारलं नाही.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, हे तुला ठाऊक असेलच. सगळंच ठाऊक असतं. केसाएवढी चूक झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून हात पक्का. तो हात तुझ्यावर गेला असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हणतो, सरावाने आला.

काल जेवताना 'काका म्हणतो' हे शब्द सतरा वेळा आले. मी मोजले. त्यातही बघ, काका 'म्हणतो'. मला अहो-जाहो, तुला अरे-तुरे. मला मान मिळतो. तुला काय मिळतं ते तुझं तू जाण.

फळीचं ते प्रकरण मी केव्हाच विसरलो आहे, एवढं जाता जाता कळवतो.

थोरला


१ मार्च

धाकट्यास,

तुझं उत्तर नाही, याचा अर्थ तक्रार मान्य आहे असा घेतो.

काम पुढे सरकतं आहे. फासळ्यांसाठी प्लाय नको, पाण्याने फुगतो, भाजी चिरायचे प्लास्टिकचे जाड पाट घ्या, हा तुझा सल्ला शिरोधार्य मानून आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. मोठ्यात मोठे सात पाट मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "हॉटेल काढताय का?" मुलगी म्हणाली, "नाही, होडी." त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "मी फक्त पिशवी धरायला आलोय."

घरी आल्यावर तुझ्या वहिनीने सात पाट एकावर एक रचलेले पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बावीस वर्षं मी एक पाट मागतेय. एक. दर वेळी काय, तर आहे तो काय वाईट आहे. आणि आता सात?"

"ते चिरायचे नाहीत," मी म्हटलं, "कापायचे आहेत."

"तुमचं व्याकरण शाळेत ठेवा. एक मी घेतलाय. होडीला सहा पुरवा."

नाही पुरले. जाऊन आठवा आणावा लागला. उरलेल्या नळ्यांसाठी हॉलमधले पडद्यांचे दांडे गेले. आता समोरच्या बिऱ्हाडाला आम्ही दिसतो आणि त्यांना होडी दिसते. कातडं म्हणून एका ट्रकवाल्याने टाकून दिलेली ताडपत्री आणली. ती तीन वेळा धुऊनही सिमेंटचा वास येतो. वहिनी ती दाभणाने शिवते आहे. तुझ्या मापावर कापलेली आहे, तसूभरही जास्त नाही. शिवताना तुझ्या पत्रातली वाक्यं आठवून हसते. मी खोलीतून विचारतो, काय झालं. म्हणते, "काही नाही, तुम्हाला नाही कळायचं." काव्यशास्त्र घेऊन पदवीधर झालो मी. दाभणाचा विनोद मला कळायचा नाही.

एक किरकोळ बाब. तुझ्या पहिल्या पाकिटात एक, दोन, तीन या फासळ्यांचे नमुने आले. दुसऱ्यात पाच, सहा, सात. चार नाही. मधलीच नेमकी, बसायच्या जागेची. मुलगी पाकीट उलटंपालटं करून दमली. मी तुझी बाजू घेतली, म्हटलं, "विसरला असेल. लहानपणीही दप्तर घेऊन जायचा आणि पुस्तकं घरी ठेवायचा." तिने तुला चिठ्ठी लिहिली आहे. पोस्ट माझ्या शाळेच्या वाटेवरच आहे, तेव्हा मीच टाकतो म्हटलं आहे.

तू त्यासाठी तसदी घेऊ नकोस. आमचं आम्ही बघू.

थोरला


१९ मार्च

धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर माझ्या नावावर आलं आणि त्यात ओळ एकच: 'दादा, चारची फासळी बेतली का? खारूताईने काहीच कसं लिहिलं नाही?'

खारूताई हे नाव तू तिला ती पाच वर्षांची असताना ठेवलंस. मी तिचं ठेवलेलं नाव चार अक्षरांचं, अर्थपूर्ण, पाळण्यात कानात सांगितलेलं आहे. त्या नावाने तिला फक्त बँक ओळखते.

तर, बेतली. फासळी झाली, बसली, आणि कुणी काढली म्हणशील तर मी. दचकू नकोस. तीन आणि पाच यांच्या नमुन्यांवरून मधला आकार काढला. शेवटी काय, आधीचं आणि नंतरचं ठाऊक असलं की मधलं काढता येतं, आम्ही लोक आयुष्यभर श्लोकांच्या बाबतीत तेच करतो. कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"बाबा, हे तुम्ही काढलंत?"

"का? मला रेघ येत नाही?"

तिने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली. "मग मधली रेघ तुम्हीच मारा. तुमची फासळी."

तू असतास तर काहीतरी बोलला असतास. नव्हतास, म्हणून मला ते नीट ऐकू आलं.

आता फळीबद्दल. विसरलो म्हटलं होतं, पण तू कार्डावर विषय काढला नाहीस तरी तो निघालाच आहे. ती बारा वर्षांची झाली तेव्हा तिच्या पुस्तकांसाठी मी भिंतीत फळी ठोकली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी ती पडली, मुलगी वाचली, शब्दकोश फाटला. तू आलास, शीळ घालत दहा मिनिटांत फळी बसवलीस आणि म्हणालास, "दादा, तू आपलं व्याकरण सांभाळ." इथवर ठीक होतं. तुझी वहिनी हसली, तेही ठीक. पण मुलीने टाळ्या वाजवल्या. माझ्या तीन दिवसांना कुणी टाळी वाजवली नव्हती. मग मी तुला जे बोललो ते बोललो, आणि तू जो गेलास तो गेलास. फळी अजून तिथेच आहे. हलत नाही.

आमच्या शास्त्रात याचे दोन प्रकार करतात. दुसऱ्याचं चांगलं सोसवत नाही ती ईर्ष्या. त्या चांगल्यात खोट काढत बसणं ती असूया. परीक्षेला हा फरक विचारतात आणि मुलं हमखास चुकतात. माझं दोन्हींवर प्रभुत्व आहे, पण त्याचे गुण कुठे मिळत नाहीत.

होडीवर कातडं चढवलं. चारच्या फासळीशी जरा जोर लागला. वहिनी म्हणाली, "अहो, इथे फार ताण बसतोय. शिवण कुरकुरतेय." मी म्हटलं, "ताणल्याशिवाय आकार येत नाही." माझं वाक्य ऐकून मुलगी म्हणाली, "हे काकासारखं बोललात." तिला ते कौतुक वाटलं.

६ एप्रिलला तलावावर नेणार आहे. आमच्या गावाबाहेरचा, तुला माहीत आहे तोच.

थोरला


७ एप्रिल

धाकट्यास,

मुलगी सुखरूप आहे. हे आधी लिहितो.

शिवण फाटली. काठापासून पन्नासेक हातांवर. तरंगायचं जाकीट अंगात होतं आणि पोहायला तू शिकवलं होतंस. होडी ओढत आणली तिने. मी काठावर उभा होतो. मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे.

बाकी आज लिहिवत नाही.


११ एप्रिल

धाकट्यास,

आज सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुढे लिहायचा नाही, म्हणून खाडाखोड करत नाही, चुका दिसतील त्या तुझ्या तू दुरुस्त कर.

चारचा नमुना तू पाठवला होतास. कार्डावर तू तसं म्हणाला नाहीस, पण तुला शंका आलीच असणार. तुझं दुसरं पाकीट आलं तेव्हा मुलगी दुकानात होती. पाकिटावर तिचं नाव होतं, पण आडनाव माझंही तेच, एवढ्या बळावर मी ते उघडलं. मला फक्त बघायचं होतं, तू तिला काय लिहितोस, वहिनी कशाला हसते. आपल्या वडिलांनी कागदाची पाठ कधी कोरी सोडली नाही आणि आपल्यालाही सोडू दिली नाही. तूही सोडली नव्हतीस. चारच्या फासळीच्या पाठीवर तू तिला लिहिलं होतंस: 'खारे, ही बेतलीस की होडी अर्धी झाली. पुरी झाली की बॅगांत भर आणि इकडेच ये. माझ्याकडे दोन हात कमी आहेत. भिंगं काय, कुणीही घासेल. वर्षभर राहा, शिक, पटलं तर पुढचं पुढे.'

मी तो कागद काढून घेतला आणि पाकीट डिंकाने पुन्हा चिकटवलं. पाठ लपवायची तर पोट लपवणं आलं. तिने तुला लिहिलेली चिठ्ठीही मी पोस्टात टाकली नाही. दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात होती आणि होडीचं नाक त्या खणावर टेकलेलं होतं.

मग ती अडली. आठ दिवस नुसती तीन आणि पाच हातात घेऊन बसायची. ते बघवेना. तेव्हा वहिनी बाहेर गेलेली पाहून मी तुझा कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि वर दुसरा ठेवून गिरवला. आधीचं, नंतरचं, मधलं, श्लोक, हे सगळं तुला लिहिलं ते थोतांड होतं. मी गिरवला.

आणि गिरवतानाही मला राहवलं नाही. रेघ सबंध तुझी होती. ती जशीच्या तशी उतरवून 'मी काढली' म्हणायला जीभ उचलेना. चोरी पचली होती, नक्कल पचेना. म्हणून मी दोन्ही अंगांना एकेक बोट वाढवलं. म्हणजे ती थोडी तरी माझी होईल. कातडं तुझ्या मापाचं, फासळी माझ्या मापाची. शिवण कुणाची बाजू घेणार?

तलावावरून आल्यावर तिने होडी सोडवली, सातही फासळ्या हॉलमध्ये ओळीने मांडल्या आणि दुकानातून आणलेल्या मापपट्टीने एकेक मोजली. मग माझ्या खोलीत आली. मला वाटलं, कळलं तिला. नव्हतं कळलं.

म्हणाली, "बाबा, चारचं गणित जरा मांडून दाखवा ना. कुठेतरी चुकलंय. तुमची चूक नाही, माझीच असेल, पण कुठे ते कळलं तर पुढच्या वेळी बरं."

माझ्यासमोर वही ठेवली. पेन्सिल ठेवली.

मी बरेच तास उत्तरपत्रिका तपासत घालवले आहेत, त्यामुळे कोरा कागद ओळखतो. मी खण उघडला आणि तुझा कागद तिला दिला. तिची चिठ्ठीही दिली.

तिने आधी फासळी आणली आणि नमुन्यावर ठेवली. दोन्हीकडे एकेक बोट बाहेर आलं.

"हे कशाला वाढवलंत?"

"माझी व्हावी म्हणून."

तिने मान हलवली, गिऱ्हाईक आपला नंबर चुकीचा सांगतं तेव्हा हलवत असेल तशी. मग कागद उलटला. उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला. वर तारीख पाहिली, बोटांवर आठवडे मोजले.

"मी बुडले असते तर हे कधी दिलं असतंत?"

मी रिकामा खण लावून घेतला.

चार दिवस झाले. जेवताना 'काका म्हणतो' एकदाही आलं नाही. 'बाबा' पण नाही. तुझी वहिनी मला एवढंच म्हणाली, "तुम्ही पोरीच्या हातातला कागद घेतलात." रडली नाही, चिडली नाही, दाभण घेऊन शिवण उसवायला बसली. चौथी फासळी मुलीने एका संध्याकाळी पुन्हा कापली, आठव्या पाटातून नाही, तो संपला होता. वहिनीने मागे ठेवलेल्या पाटातून. वहिनीने स्वतःच आणून दिला. आज सकाळी दोघी तलावावर जाऊन आल्या. मला बोलावलं नाही. त्या परत आल्यावर मी होडीच्या आत हात फिरवून पाहिला. कोरडी ठणठणीत.

रविवारी ती तुझ्याकडे निघते आहे. दुकानात सांगून आली. बॅगा भरताना शीळ घालत होती, तुझीच. मत्सर गेला असं समजू नकोस. ती शीळ ऐकून मला दरवाजा लावावासा वाटला, आणि होडी आता दारात नसल्यामुळे तो लागतही होता. लावला नाही, एवढीच काय ती प्रगती.

तुझ्या मजकुराची शेवटची ओळ मी वर लिहिली नाही. तू लिहिलं होतंस: 'दादा यायचा नाही, पण त्यालाही विचार. विचारल्याशिवाय निघू नकोस.' ही ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली. दोन महिने रोज वाचली. तिने मला विचारू नये म्हणून लपवली, की विचारलं तर मी काय सांगेन याची भीती वाटली म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज दुपारी तिने शेवटची बॅग बांधली आणि माझ्या दारात आली. चार दिवसांनी.

"शेवटची ओळ वाचली होती ना तुम्ही?"

"हो."

"काका म्हणाला विचार, ते फेब्रुवारीत. तेव्हा मी विचारलं असतं. आता मी नाही विचारणार." पट्टा ओढून घट्ट केला. "यायचं असेल तर तुम्हीच विचारा त्याला."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि नुसतं विचारा. श्लोक नकोत."

तेव्हा श्लोक नाही. परीक्षा वीस तारखेला संपतात. मला होडी वल्हवता येत नाही, पोहता येत नाही, आणि हाताचं काम मी कसं करतो ते तुला दोनदा कळलं आहे. तुझ्या कारखान्यात मी उपयोगाचा नाही. ती तुझ्याकडे पाहून टाळ्या वाजवील तेव्हा माझं तोंड कसं होईल, तेही मला ठाऊक आहे.

तरी विचारतो. मी येऊ का?